कामावर आपले कोण?

(मंडळाच्या गणेशोत्सव व्याख्यानमालेत दोघांनी मिळून केलेल्या भाषणाचा मजकूर)



एका व्याख्यानाला दोन वक्ते बोलावण्यात मंडळाची काटकसर नक्कीच नाही, कारण नारळ आणि शाल दोन-दोन लागणार आहेत. आम्हाला जोडीने बोलावण्याचे कारण वेगळे आहे. आमच्यातल्या एकाची सगळी नोकरी उद्यमबागेतल्या एका फौंड्रीत मोल्डिंग आणि ओतकामाच्या पाळ्या सांभाळण्यात गेली. दुसऱ्याची त्याच फौंड्रीच्या ऑफिसात, हजेरी, पगार आणि तक्रारी यांच्यात. पाळीवरचा माणूस आणि ऑफिसातला माणूस एका सुरात बोलू शकतात यावर आमच्या कामगारांचा विश्वास बसणार नाही. म्हणून सगळे आधी लिहून आणले आहे आणि दोघांनी सही केल्यासारखे ते वाचून दाखवतो.

विषय दिला आहे तो असा : कामाच्या ठिकाणचे नाते आणि कर्मचाऱ्यांचे कामात मन लागणे. इंग्रजीत याला ‘एम्प्लॉयी एंगेजमेंट’ म्हणतात. आपल्याकडे एंगेजमेंट म्हटले की साखरपुडाच डोळ्यांसमोर येतो. पण ती आठवण अगदीच गैरलागू नाही. साखरपुड्यात दोन्हीकडच्यांनी शब्द द्यायचा असतो. कारखान्यात मात्र बहुतेकदा एकाच बाजूकडून शब्द मागितला जातो.

समोर काही कारखानदार मंडळी बसली आहेत. त्यांची नेहमीची तक्रार आम्हाला पाठ आहे : ‘पोरं टिकत नाहीत हो.’ खरेच टिकत नाहीत. खानापूरकडून, चंदगडकडून, बैलहोंगलकडून मुलगा येतो, पंधरा दिवस काम करतो आणि एका सोमवारी येतच नाही. कारण विचारले तर सगळे म्हणतात, उष्णता सोसत नाही, आताच्या मुलांना कष्ट नकोत. उष्णता आहेच. ओतायचा रस चौदाशे अंशांच्या आसपास असतो. पण ही उष्णता त्यांच्या बापांनाही होती. आम्ही जी मुले जाताना पाहिली त्यांतल्या पुष्कळांशी नंतर बोललो. कुणी पेट्रोल पंपावर लागला, कुणी गोव्याला हॉटेलात. पगार तिथे जास्त नव्हता. तरी ती मुले निघून गेली, कारण पंधरा दिवसांत त्यांच्याशी कामापलीकडे कुणी बोललेच नव्हते.

हे नुसते मनाला लागणारे दुःख असते तर आम्ही त्यावर व्याख्यान दिले नसते. फौंड्रीत एकटा पडलेला माणूस धोक्यात असतो. एक प्रसंग सांगतो. कारखान्याचे नाव सांगण्याचे कारण नाही, आमचा तो कारखाना नव्हे. लेडलला, म्हणजे रस वाहून नेण्याच्या भांड्याला, आतून नवे अस्तर लावले की ते पूर्ण वाळवावे लागते. ओल राहिली आणि वर रस पडला, तर पाण्याची क्षणात वाफ होते आणि रस उसळून बाहेर फेकला जातो. त्या दिवशी एका अस्तरात ओल राहिली होती. एका नव्या मुलाने ती पाहिली होती. त्याला कामाला लागून आठ दिवस झाले होते. त्याने कुणाला सांगितले नाही. रस उडाला, दोन माणसांचे पाय भाजले. चौकशीत त्याला विचारले, तू का बोलला नाहीस? तो म्हणाला, ‘कुणाला सांगायचं ते माहीत नव्हतं. आणि मी सांगणारा कोण?’

त्या चौकशीच्या अहवालात कारण लिहिले गेले ते ‘अस्तर अपुरे वाळलेले’. ते खरेच होते. पण त्या मुलाचे शेवटचे वाक्य अहवालात आले नाही. आमचे आजचे सगळे बोलणे त्या एका वाक्यावर आहे.

आपल्या गावाला ही गोष्ट नवी नाही. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ मध्ये इथेच सायकलचे दुकान काढले. आपला किर्लोस्कर रोड त्यांच्याच नावाचा. पुढे नांगर आणि कडबा कापण्याची यंत्रे करणारा त्यांचा कारखाना बेळगावातून हलवावा लागला. औंधच्या पंतप्रतिनिधींनी कुंडल रोड स्टेशनजवळ जागा दिली आणि १९१० मध्ये किर्लोस्करवाडी उभी राहिली. ती जागा म्हणजे निवडुंगाने भरलेला माळ. तिथे यंत्रांबरोबर कामगार आणि त्यांची बायका-मुले गेली. त्यांना तिकडे नेणारी गोष्ट निव्वळ मजुरी असती तर एवढी माणसे माळावर राहायला गेली नसती, असे आमचे मत आहे. १९२० मध्ये तिथून ‘किर्लोस्कर खबर’ निघू लागले, तेच पुढे घराघरात जाणारे ‘किर्लोस्कर’ मासिक झाले. कारखान्यात काय चालले आहे हे चार लोकांना छापून सांगावे, असे शंभर वर्षांपूर्वी एका यंत्रे बनवणाऱ्या कारखान्याला वाटले, याचे आम्हाला अजून कौतुक आहे. पण अशा वसाहती आता होणार नाहीत. त्या आठवणींत रमून उद्यमबागेतला प्रश्न सुटायचा नाही.

कारण उद्यमबागेतले कारखाने लहान. आपली पिढी ज्या १९४८ च्या कारखाने कायद्याखाली वाढली त्यात कँटीनची सक्ती अडीचशेहून जास्त कामगार असतील तिथे, आणि कल्याण अधिकारी नेमण्याची सक्ती पाचशे किंवा जास्त कामगारांना. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यातली कामगार-मालक समिती शंभर कामगारांपासून पुढे. आमच्याकडे साठ-सत्तर माणसे. म्हणजे कँटीन नाही, कल्याण अधिकारी नाही, समिती नाही. मोठ्या कारखान्यात जे काम एखादे खाते करते, ते आमच्यासारख्या ठिकाणी एक तर पाळीवरचा सुपरवायझर करतो, नाही तर कुणीच करत नाही.

आता चहाबद्दल बोलू. हसू नका, आमच्या नोकरीतला सगळ्यात मोठा धडा चहाने शिकवला.

आमच्याकडे पूर्वी दहा वाजता भोंगा व्हायचा आणि सगळे मागच्या शेडमध्ये चहाला जमायचे. जायला-यायला वेळ जातो, पोरे रेंगाळतात, म्हणून एका वर्षी ठरले की चहावाल्याने किटली घेऊन जागेवरच चहा द्यायचा. हिशेबाने बरोबर होते. रोजची दहा-बारा मिनिटे वाचली. पण काही महिन्यांत मोल्डिंग आणि फेटलिंग यांच्यात चिठ्ठ्यांची लढाई सुरू झाली. ज्यांना फौंड्री माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो : मोल्डिंगवाला वाळूचा साचा करतो, त्यात रस ओतला जातो, माल थंड झाला की फेटलिंगवाला तो फोडून, घासून साफ करतो. साच्यात काय चुकले ते सगळ्यात आधी फेटलिंगवाल्याला दिसते. कुठे वाळू अडकली, कुठे हवेचे भोक पडले. शेडमध्ये चहा होता तेव्हा तो ते तुकडे खिशात घालून आणायचा आणि मोल्डिंगवाल्याच्या पुढ्यात टाकायचा : ‘हे बघ अण्णा, तुझा पराक्रम.’ चार शिव्या, थोडे हसणे, आणि अकरा वाजता वाळूतले पाणी दुरुस्त झालेले असायचे. चहा जागेवर आल्यावर तोच निरोप सुपरवायझरमार्फत, रिजेक्शनच्या कागदावरून, दुसऱ्या दिवशी पोचायला लागला. आणि कागदावर निरोप आला की तो निरोप राहत नाही, आरोप होतो.

शेडमधला चहा परत सुरू करायला दोन वर्षे लागली. दोन वर्षे आम्ही दोघे ऑफिसच्या वरच्या खोलीत एकच वाक्य बोलत होतो : वाचलेली मिनिटे कागदावर दिसतात, वाया गेलेला माल दुसऱ्या कागदावर दिसतो, आणि ते दोन कागद कुणी शेजारी ठेवत नाही. शेवटी ठेवले.

यावर शास्त्रशुद्ध काम झालेले आहे आणि तेही जुने आहे. अमेरिकेत शिकागोजवळ वेस्टर्न इलेक्ट्रिक कंपनीचा हॉथॉर्न नावाचा टेलिफोनचे भाग बनवणारा मोठा कारखाना होता. तिथे १९२४ पासून प्रयोग झाले. आधी दिव्यांचा उजेड कमी-जास्त करून पाहिला. मग १९२७ मध्ये रिले जोडणाऱ्या काही मुली वेगळ्या खोलीत बसवून विश्रांतीच्या वेळा, कामाचे तास बदलून पाहिले. पुढे वीस हजारांहून अधिक कामगारांशी नुसते बोलणे केले, त्यांचे ऐकून घेतले. एल्टन मेयो यांचे नाव या प्रयोगांशी जोडले गेले. निष्कर्ष असा सांगितला गेला की उजेड आणि सुट्टी यांपेक्षा आपल्याकडे कुणीतरी लक्ष देत आहे आणि आपला एक गट आहे, याचा परिणाम जास्त.

व्यवस्थापनाच्या वर्गांत ही गोष्ट इथेच थांबवतात. आम्हाला पुढचा भाग जास्त महत्त्वाचा वाटतो. त्या खोलीतल्या दोन मुली फार बोलतात, ऐकत नाहीत म्हणून मध्येच बदलल्या गेल्या होत्या. पगाराची पद्धतही त्या छोट्या गटाच्या फायद्याची झाली होती. म्हणून या निष्कर्षांवर नंतर अनेक अभ्यासकांनी बोट ठेवले. आणि त्याच कारखान्यात १९३१-३२ मध्ये चौदा पुरुष कामगारांच्या गटाचे निरीक्षण झाले, तेव्हा उलटेच दिसले. गट घट्ट होता, पण त्या गटाने आपसांत ठरवले होते की दिवसाला अमुक इतकेच काम करायचे. जो जास्त करील त्याला बाकीचे ताळ्यावर आणत. म्हणजे कामगारांत मैत्री झाली की मालकाचे उत्पादन आपोआप वाढते, असे नाही. माणसे एकमेकांना धरून राहतात ती आधी एकमेकांसाठी. वरच्यांवर विश्वास नसेल तर ते धरून राहणे वरच्यांच्या विरुद्ध जाते, आणि त्यात कामगारांचे फार चुकते असेही आम्हाला वाटत नाही.

म्हणून पगाराचे आधी सांगतो. सात तारखेचा पगार वीस तारखेला होत असेल तर कृपा करून सहल काढू नका. वाढदिवसाला केक कापू नका. त्या केकची चेष्टा मागे कशी होते ते आम्ही ऐकले आहे, इथे सांगण्यासारखी नाही.

पगार वेळेवर आहे असे धरून पुढे जाऊ. नव्या माणसासाठी आम्ही जे केले त्यातले एकच खऱ्या अर्थाने लागू पडले. पहिल्या महिन्याला एक जोडीदार. काम शिकवणारा, चहाला बरोबर नेणारा, बूट कुठे मिळतात, डबा कुठे ठेवायचा, कोणत्या साहेबाला सकाळी काही विचारायचे नाही हे सांगणारा. हे पूर्वीही तोंडी सांगून पाहिले गेले होते आणि फसले होते. कारण मोल्डिंगवाल्याचा हिशेब नगावर. नव्याला शिकवताना त्याचे साचे कमी होतात, पैसे कमी होतात. मग तो शिकवील कशाला? नव्याला ‘जा, वाळू भर’ म्हणून लांब पाठवील. आम्ही त्या महिन्यापुरता जोडीदाराचा हिशेब त्याच्या मागच्या तीन महिन्यांच्या सरासरीवर बांधून दिला. एवढे केल्यावर तेच जुने लोक, ज्यांना आपण खडूस म्हणत होतो, नव्या पोरांना घरचा डबा खायला घालू लागले. माणसे वाईट नव्हती, हिशेब वाईट होता.

आता जरा नाजूक भाग. आपण बेळगावात आहोत. भाषेवरून काय होते आणि काय होऊ शकते हे या सभागृहात कुणाला सांगायला नको. आमच्या शॉपमध्ये मराठी, कन्नड आणि बिहार-ओडिशाकडून आलेल्यांची हिंदी. तिन्ही गट जेवायला वेगळे बसायचे. ते बसणे मोडायचा प्रयत्न आम्ही केला नाही. जेवताना माणसाला आपल्या भाषेत बोलायचे असते, तो त्याचा हक्क आहे. पण भट्टीपुढे वेगळे राहून चालत नाही. तिथे प्रत्येकाला तीन शब्द तोंडपाठ हवेत असा नियम केला : थांब, निल्ली, रुको. रस वाहणाऱ्याच्या मागून कुणीही, कुठल्याही भाषेत यातला एक शब्द ओरडला की त्याने थांबायचे, आणि मग कारण विचारायचे. नवा असो, कंत्राटी असो, झाडू मारणारा असो, ‘मी सांगणारा कोण’ हा प्रश्नच ठेवायचा नाही. पहिल्या महिन्यात विनाकारण ओरडणारेही निघाले. ओतकाम दोनदा उगाच थांबले. तरीही ओरडणाऱ्याला कुणी बोलायचे नाही, हे आम्ही पाळले आणि पाळायला लावले.

दुसरे, हेल्मेटवर नाव. ‘ए बिहारी’, ‘ए नवीन’ अशा हाका बंद करायच्या तर नाव दिसले पाहिजे. ते कुठल्या लिपीत, यावर दोन दिवस चर्चा झाली. इतका वेळ तर पगारवाढीच्या बोलण्यालाही लागत नाही! शेवटी एका बाजूला कन्नड, एका बाजूला देवनागरी. रंगवणारा आमच्यातलाच एक फेटलिंगवाला होता, तो घरी गणपतीच्या मूर्तीही करतो. त्याने प्रत्येकाला विचारून नाव लिहिले, तेव्हा कळले की ज्याला सगळे सहा वर्षे एका नावाने हाक मारत होते त्याचे नाव निराळेच होते. ठेकेदाराने पहिल्या दिवशी चुकीचे लिहून घेतले, ते तसेच चालले होते. त्याने कधी सांगितले नव्हते.

ठेकेदाराचा विषय निघालाच आहे तर तेही बोलून टाकतो. आज कारखान्यांत मन लागत नाही याचे मोठे कारण आमच्या मते ही एक रेघ आहे : कायम आणि कंत्राटी. एकाच भट्टीपुढे दोघे उभे, अंगावर ठिणग्या दोघांच्या, आणि दिवाळीला मिठाईचा बॉक्स एकालाच. दुसरा त्या दिवशी गेटातून रिकाम्या हाताने सायकल काढतो आणि सगळे बघतात. त्या बॉक्सची किंमत किती ते ऑफिसातल्या आमच्या माणसाला माहीत आहे, कारण त्याचे बिल त्यानेच पास केले आहे. एवढ्या पैशांत वर्षभराचा दुरावा विकत घेणारा दुसरा सौदा आम्हाला माहीत नाही. कायदा, बोनस, ठेकेदाराचे करार हे मोठे प्रश्न आहेत, त्यांची उत्तरे व्याख्यानात मिळायची नाहीत. मिठाईचे उत्तर मिळू शकते.

सूचनापेटीबद्दल थोडेच. बहुतेक कारखान्यांत ती असते आणि तिची किल्ली हरवलेली असते. आम्ही पेटी काढून वही ठेवली. ज्याला जे वाटेल ते त्याने लिहावे किंवा दुसऱ्याकडून लिहून घ्यावे, आणि शनिवारपर्यंत त्याच पानावर उत्तर लिहिले गेले पाहिजे. ‘नाही’ हेही उत्तर चालेल, पण कारणासकट. पहिली नोंद होती : सहा नंबरचे बूट संपलेत, आठ नंबरचे घालून काम करतो. हे ऑफिसात कुणालाच माहीत नव्हते. रसाजवळ दोन नंबर मोठे बूट घालून माणूस चालत होता.

विल्यम कान नावाच्या अभ्यासकाने १९९० मध्ये या विषयावर एक गाजलेला निबंध लिहिला. मुलांच्या उन्हाळी शिबिरातले मार्गदर्शक आणि वास्तुरचनाकारांच्या कचेरीतले लोक यांना त्याने जवळून पाहिले. माणूस कामात जीव ओततो तो तीन गोष्टी असतील तर, असे त्याने मांडले : कामाला अर्थ वाटला तर, बोललो तर आपले नुकसान होणार नाही असा भरवसा असला तर, आणि अंगात-मनात तेवढी शक्ती उरली असली तर. आम्हाला हा निबंध निवृत्तीनंतर मुलाने वाचायला दिला. मधल्या गोष्टीपाशी आम्हाला तो ओल पाहून गप्प राहिलेला मुलगा आठवला.

आपल्यापैकी पुष्कळांची मुले पुण्याला, बंगळूरुला संगणकाच्या कंपन्यांत आहेत, अर्धा आठवडा घरूनच काम करतात. तिथे चहाची शेड कशी आणायची हे ती मुलेच शोधतील. फक्त त्यांच्या कंपन्या वर्षातून एकदा पडद्यावर प्रश्नावली भरून घेतात, तिच्याबद्दल आम्ही त्यांना एकच विचारतो : मागच्या वर्षीच्या उत्तरांवरून काय बदलले ते कुणी सांगितले का? आतापर्यंत एकानेच ‘हो’ म्हटले आहे.

आणि या मंडपाकडे पाहा ना. इथे हजेरी नाही, पगार नाही, तरी रात्री दोन वाजता सजावटीवर पोरे चढलेली असतात. त्यात नवल नाही. इथे बारा वर्षांच्या मुलालाही ठरलेले काम असते, आरतीची ताटे त्याची म्हणजे त्याचीच. तो एक दिवस आला नाही तर तीन जण घरी विचारायला जातात. वर्गणी आणि खर्चाचा जमाखर्च तर दरवर्षी या स्मरणिकेतच छापला जातो. कारखान्यात याची नक्कल करा असे आम्ही म्हणत नाही. मंडळ आवडीचे असते, नोकरी पोटाची असते. पण न आलेल्याच्या घरी कुणीतरी विचारायला जावे, एवढे तिथेही व्हायला हरकत नाही. सोमवारी न आलेल्या मुलाला फोन करायला दोन मिनिटे लागतात. तो फोन ऑफिसने करू नये, त्याच्या जोडीदाराने करावा.

शेवटी समोरच्या कारखानदारांना एक मागणे, आणि थांबतो. सतरा सप्टेंबरला बिहार-ओडिशाकडचे लोक विश्वकर्मा पूजा करतात. पुढे खंडेनवमीला आपण यंत्रांची पूजा करू. यंदा दोन्ही दिवशी प्रसादाची यादी ठेकेदाराकडून मागवू नका. गेटवरच्या वहीवरून करा, त्या वहीत सगळ्यांची नावे असतात. ज्यांना जोडीदाराच्या हिशेबाचा तक्ता हवा असेल त्यांच्यासाठी आम्ही चार प्रती आणल्या आहेत. आरतीनंतर बाहेर चहाच्या टेबलाजवळ भेटू.

गणपती बाप्पा मोरया!